आधी जबाब, मग अर्ज

कचेरीच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली सात अर्जनवीस बसत आणि त्यांतल्या सहा जणांचं एका गोष्टीवर पक्कं एकमत होतं. सातवीला इथून उठवलं पाहिजे. एरवी हे सहा जण कशावर एकमत करतील तर शपथ. सावली कोणाच्या टेबलाकडे सरकली, गिऱ्हाईक आधी कोणी हटकलं, टाइपरायटरची फीत कोणी लांबवली, यावरून त्यांची रोज तोंडं वाजायची. पण पुष्पलता ढोकेचं नाव निघालं की सगळे एका सुरात बोलायचे.

पुष्पलता म्हणजे नागपुरातल्या इंदोऱ्याच्या आनंदराव ढोक्यांची थोरली. मॅट्रिक झालेली, मराठी आणि इंग्रजी दोन्ही टायपिंग पास, वय एकतीस, लग्न नाही. गेली सात वर्षं ती रोज दहाच्या ठोक्याला सायकलच्या कॅरिअरला टाइपरायटर बांधून फाटकातून आत यायची. साखळीने झाडाला बांधलेलं टेबल सोडवायची, पदर खोचायची आणि बसायची. सगळ्या आवारात झाडाखाली बसून अर्ज लिहिणारी बाई ती एकटीच. सुरुवातीला लोक तिला बघायलाच थांबायचे. नंतर बसायला लागले.

आणि बसले की उठायचे नाहीत, हेच तर दुखणं होतं. कारण पुष्पलताची अर्ज लिहायची तऱ्हाच उलटी. माणूस समोर बसला की ती म्हणायची, आधी साहेबाचा जबाब लिहू, मग अर्ज. साहेबांनी नेमकं काय लिहून दिलं तर आज तुम्हाला झोप लागेल, ते सांगा. माणूस गडबडायचा. आयुष्यात त्याला कोणी हे विचारलेलंच नसायचं. मग तो काहीतरी सांगायचा, ती ते कोऱ्या कागदावर खऱ्या आदेशासारखं झोकात टाइप करायची, वाचून दाखवायची आणि विचारायची, हेच पाहिजे का?

शंभरातले चाळीस जण म्हणायचे, नाही बाई, हे नाही.

कन्हानचा एक दुकानदार भावाविरुद्ध तक्रार घेऊन आला होता. सामाईक भिंतीत भावाने खिडकी फोडली होती. जबाब काय पाहिजे, तर म्हणे खिडकी बुजवावी. तिने ते टाइप करून वाचून दाखवलं. ते ऐकून तो म्हणाला, खिडकीचं जाऊ द्या, आईच्या तेरवीला त्याने मला बोलावलं नाही, त्याचं काय? आता याचा जबाब कोणता तहसीलदार देणार? पुष्पलताने त्याला सांगितलं, हा अर्ज इथे नाही, भावाच्या दारात जाऊन द्यायचा, आणि तोंडीच. तो उठून गेला. टायपिंगचे पैसे तिने घेतलेच नाहीत, कारण अर्ज झालाच नव्हता. सल्ल्याचे ती कधीच घ्यायची नाही. आणि रोजमजुरीवर जाणाऱ्या बाया आल्या, तर अर्जाचेही अर्धेच घ्यायची.

आता सांगा, शेजारच्या सहांनी काय करावं? भांडणावर तर त्यांचं पोट चालायचं. त्यांच्यात सगळ्यांत जुने बाबाराव उमाठे. बत्तीस वर्षं तिथे बसलेले, घरात खाणारी नऊ तोंडं, आणि बोलायला गोड माणूस. ते तिला दर महिन्याला एकदा समजवायचे, पोरी, लष्कराच्या भाकऱ्या भाजून कोणाचं भलं झालं आहे? डॉक्टर तपासायचे पैसे घेतो, वकील बोलायचे घेतो, आणि तू फुकट? तुझ्या फुकटाने आमच्या पोटावर पाय येतो, ते पाप कोणाच्या माथी? पुष्पलता म्हणायची, बाबाराव, माझ्या टेबलावरून उठलेला माणूस तुमच्याकडे येतोच की. ते म्हणायचे, येतो, पण शहाणा होऊन येतो, त्याचा काय उपयोग?

ती हे का करायची, ते तिने कधी कोणाला सांगितलं नाही. मी सांगतो. छप्पन साली दसऱ्याला नागपुरात धम्मदीक्षा झाली, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. आनंदराव गिरणीत विणकर. त्यांना चार दिवसांची रजा पाहिजे होती, घरच्या सगळ्यांना घेऊन जायला. असाच एक अर्जनवीस गाठला. त्याने काही विचारलं नाही, सवयीने लिहून टाकलं की आई वारली. आनंदरावांना वाचता येत नव्हतं, त्यांनी अंगठा दिला. रजा मिळाली. आणि पाचव्या दिवशी दुपारी, आनंदरावांचा डबा घेऊन, डोक्यावरून पांढरं लुगडं घेतलेली त्यांची आई गिरणीच्या फाटकात हजर. खोटं बोलला म्हणून गिरणीने त्यांना दोन महिने घरी बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून जायला निघालेला माणूस परत आला तो खोटारडा ठरून. त्या लिहिणाऱ्याने एवढंच विचारलं असतं, बाबा, कशाला पाहिजे रजा? पुष्पलताच्या मनात तो राग अठरा वर्षं ताजा होता, आणि त्या रागावरच तिचं टेबल चालायचं.

तर चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात, उन्हाने डांबर चपलेला चिकटत होतं अशा एका सकाळी, भीमाबाई आली. बरोबर तिचा दीर, दादाजी.

भीमाबाईला पुष्पलता ओळखत होती. त्याच आवारातल्या मागच्या इमारतीत एक खातं होतं, तिथली ती पाणीवाली. सकाळी नळावरून घागरी आणायच्या, आठ माठ भरायचे, दिवसभर टेबलाटेबलांवर पाण्याचे ग्लास ठेवायचे. वय पन्नाशीच्या पुढे, पण पाठ ताठ. नवरा त्याच खात्यात चपराशी होता. तो वारला तेव्हा एका भल्या साहेबाने तिला नोकरीला घेतलं.

दादाजीने उभ्यानेच मजकूर सांगितला. भीमाबाईची तब्येत ठीक राहत नाही, घागर उचलवत नाही, सबब ती स्वखुशीने नोकरी सोडते आहे, तरी तिच्या जागी तिचा पुतण्या, म्हणजे दादाजीचाच मुलगा, याला घ्यावं. लवकर लिहा म्हणे, साहेब पुढच्या आठवड्यात शुक्रवारी दौऱ्यावर जाणार आहेत.

पुष्पलताने भीमाबाईकडे पाहिलं. मघाशीच तिला दोन भरलेल्या घागरी घेऊन जाताना पाहिलं होतं. तिने दादाजीला सांगितलं, अर्जाला कोर्ट फीचं तिकीट लागेल, ते तुम्ही घेऊन या. तिकिटाच्या खिडकीपुढे निदान तीस माणसं उभी होती. दादाजी चरफडत गेला.

"मावशी," पुष्पलता म्हणाली, "समजा साहेबानं तुमच्या मनासारखं लिहून देल्लं. काय लिहावं त्यानं?"

"दादाजी सांगते तेच."

"दादाजीचं नाही विचारून राहिली. तुमच्या मनातलं सांगा."

भीमाबाई खिडकीपुढच्या रांगेकडे बघत राहिली. मग हळूहळू बोलायला लागली, आणि जे बोलली ते नोकरीबद्दल नव्हतंच. एकसष्ट साली ती कामावर लागली, तेव्हा खात्यातले तीन बाबू घरून तांब्या आणायला लागले. तोंडाने काही बोलायचे नाहीत. फक्त टेबलाखाली आपापला तांब्या. ती रोज त्यांच्या टेबलावर ग्लास ठेवायची आणि संध्याकाळी तसाच भरलेला उचलून झाडाला ओतायची. दोन वर्षं असं चाललं. मग एका मे महिन्यात दुपारी तिघांचेही तांबे रिकामे झाले, घसे कोरडे पडले, आणि त्यांतला सगळ्यांत कडक बाबू उठला, माठापाशी आला आणि तिच्या हातातून ग्लास घेऊन प्यायला. दुसऱ्या दिवसापासून तांबे आले नाहीत.

"आता सारे पेतेत माह्या हातचं," भीमाबाई म्हणाली. "साहेबही पेते. पोरगं काय, त्याले दुसरी नोकरी भेटन. लिहा म्हणा साहेबाले, भीमाबाई, माठ तूच भर."

पुष्पलताने अर्धाच कागद चढवला आणि तेच सरकारी भाषेत बसवलं. अर्जदाराचा राजीनामा नामंजूर करण्यात येत आहे, श्रीमती भीमाबाई यांनी आपल्या पदावर काम करीत राहावे, पुतण्याच्या नेमणुकीचा प्रश्न उद्भवत नाही. खाली सहीला जागा. असले आदेश तिला झोपेत टाइप करता आले असते, कारण आतले बाबू लोक स्वतःचे आदेशही बाहेरूनच टाइप करून घेत. कचेरीतल्या मशिनी मोडक्या, बाबूंना कंटाळा. अर्जाला तयार आदेश टोचून पाठवायचा, साहेबांनी सही ठोकायची, ही त्या आवारातली जुनी चाल. चहावर काम भागायचं.

तिने जबाब तीनदा वाचून दाखवला. तिसऱ्या वेळी भीमाबाईने मान डोलावली. तेवढ्यात दादाजी तिकीट घेऊन आला, म्हणून तिने त्याने सांगितलेला अर्जही टाइप करून दिला. दादाजीने तो स्वतःच्या खिशात घालायला हात पुढे केला, पण भीमाबाईने दोन्ही कागद घडी घालून कमरेच्या बटव्यात टाकले. मी रोज आत-बाहेर करते, मीच देईन म्हणाली. जाताना पुष्पलताने तिला हळूच सांगितलं, आठ दिवस थांबा, घाई करू नका, आणि मग जे मनाला पटेल ते करा. सल्ला म्हणून तिने एवढाच दिला होता.

बारा दिवसांनी दादाजी चिंचेखाली आला तो ओरडतच. हातात आदेशाची प्रत. राजीनामा नामंजूर, पुतण्याचा प्रश्न उद्भवत नाही, खाली साहेबांची सही, जावक क्रमांक, गोल शिक्का. शब्द न् शब्द पुष्पलताचा. तिच्या मशीनचा 'र' जरा वर उडायचा, तोही तसाच उडालेला.

पुष्पलताला वाटलं ते असं, की बिचारी भीमाबाई, अक्षर ओळखत नाही, दोन्ही कागद एकत्रच बाबूच्या हातात दिले. बाबूला वाटलं, नेहमीसारखा तयार आदेश जोडून आलाय. त्याने फायलीत टोचला. आणि साहेबांनी दौऱ्यावर जायच्या घाईत उभ्या-उभ्या तीस कागदांवर सह्या केल्या, त्यांत हीही झाली. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, पण चुकायचं असलं की सरकार बारा दिवसांत चुकतं.

बाबारावांनी प्रत हातात घेतली, चष्मा पुसला, वाचली आणि फक्त मान हलवली. त्यांना काही बोलायची गरजच नव्हती. संध्याकाळपर्यंत सगळ्या आवारात झालं, की ढोकेबाई खोटे सरकारी आदेश तयार करते. आवाराची सगळी व्यवस्था, कोणी कुठे बसायचं आणि कोणी उठायचं, हे नाझरांच्या हाती. नाझरांचा निरोप आला, उद्या अकराला हजर राहा.

घरी आनंदरावांनी सगळं ऐकून घेतलं. गिरणीतल्या कापसाने त्यांची छाती कधीच खाऊन टाकली होती, दोन वाक्यांमध्ये दम लागायचा. घरात मिळवती एकटी पुष्पलता. ते म्हणाले, "माफी मांग अन् मोकळी हो. जागा गेली तं सात वर्षं गेली."

"मी काय चूक केली बाबा?"

"चूक म्याही नव्हती केली," आनंदराव म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

तिला त्यांचा फार राग आला, आणि त्या रागाची लाजही वाटली. भाकरी थापताना दोन फाटल्या.

दुसऱ्या दिवशी नाझरांच्या खोलीत वाळ्याचा पडदा लावलेला होता. नाझर बसले होते. शेजारच्या खुर्चीवर भीमाबाईच्या खात्याचे साहेब, ज्यांनी सही केली होती ते, आणि त्यांची नजर सारखी घड्याळाकडे. भिंतीला टेकून बाबाराव, दाराशी दादाजी. पुष्पलताला कोणी बस म्हणालं नाही. सात वर्षं ती दुसऱ्यांना समोर बसवत आली होती.

नाझर वाईट माणूस नव्हते. त्यांना भानगड नको होती, आणि भानगड नको असलेला माणूस किती अन्याय पचवू शकतो याला सीमा नाही. त्यांनी तोडगा आधीच लिहून ठेवला होता. एक हमीपत्र. मी यापुढे गिऱ्हाइकाने सांगितलेला मजकूरच लिहीन, कोणालाही कोणत्याही बाबतीत सल्ला देणार नाही, मनाने कोणताही जबाब तयार करणार नाही. खाली सही. तेवढं केलं की भीमाबाई अडाणी बाई, तिने अजाणतेपणी दोन्ही कागद दिले, असं लिहून आदेश रद्द होईल, पुतण्याचा अर्ज पुन्हा पुढे जाईल आणि पुष्पलताची जागा चिंचेखाली कायम राहील. पोलिसांत कोणी जाणार नाही. नाही केलं, तर टेबल आजच्या आज आवाराबाहेर.

"कोणाचंच नुकसान नाही," नाझर म्हणाले.

पुष्पलताने हमीपत्र दोनदा वाचलं. खरं सांगायचं तर तिने पेन उचललं. कोणी म्हणेल, अशी कशी ही? पण घरात छातीचा रोगी बाप असला, उद्याचं मीठ-पीठ आपल्याच बोटांवर असलं, की पेन उचललं जातं. तिने मनात स्वतःला समजवलंही, की भीमाबाईने चुकून कागद दिले, म्हणजे तिचं ठरलंच नव्हतं. मग ज्याचं ठरलं नाही, त्याच्यासाठी आपण का बुडायचं? तेवढ्यात साहेबच मधे म्हणाले, हातच्या कांकणाला आरसा कशाला, भीमाबाईलाच विचारा, आणि त्यांनी चपराशाला पाठवलं.

भीमाबाई आली ती कामातून उठून, लुगड्याचा काठ ओला. नाझरांनी तिला मायेनेच विचारलं, बाई, तुला वाचता येत नाही ना? चुकून दोन्ही कागद गेले ना? तू फक्त हो म्हण.

भीमाबाईने दादाजीकडे पाहिलं, पुष्पलताकडे पाहिलं. पुष्पलताच्या हातात पेन होतं, तेही तिने पाहिलं.

"वाचता नाही येत, साहेब," ती म्हणाली. "पण मोठा कागद दादाजीचा होता अन् लहान माहा होता, येवढं मले समजत होतं. आठ दिवस दोन्ही कागद उशाखाली ठेवले. नवव्या दिवशी लहान वरतं ठेवला अन् बाबूच्या टेबलावर पाण्याचा गिलास ठेवला, त्याच्या बाजूले ठेवला. म्हटलं, हा वरतंच राहू द्या."

दादाजीच्या तोंडून "वैनी" एवढंच निघालं.

"म्हणजे तू साहेबांना फसवलं?" नाझरांचा आवाज चढला.

"मी काहून फसवू? साहेबानं वाचूनच सही केली असन न."

आता यावर साहेबांनी काय बोलावं? वाचली म्हणावं, तर आदेश खरा. नाही वाचली म्हणावं, तर त्या शुक्रवारचे बाकीचे एकोणतीस कागदही उघडे पडणार, आणि त्यांत काय काय होतं ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. साहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

आणि पुष्पलताला त्या क्षणी स्वतःची एवढी शरम वाटली, की कान तापले. आपण सात वर्षं लोकांना सांगतो, तुमच्या मनातलं तुम्हालाच माहीत असतं. आणि ही बाई मनातलं ओळखून, आठ दिवस उशाशी घेऊन, नवव्या दिवशी करूनही बसली, तर आपण तिला अडाणी समजलो. बाबूसारखंच समजलो. जिच्या हातचं पाणी प्यायला बाबूंना दोन वर्षं लागली, तिच्या हाताने टाकलेला कागद चुकून पडला असेल, असं आपल्याला वाटलंच कसं?

तिने पेनाचं टोपण लावलं.

"आदेश रद्द करायचा असेल तर साहेबांनी जरूर करावा," ती साहेबांकडे वळून म्हणाली. "रद्द करण्याचा आदेश मी आत्ता टाइप करून देते, पैसे नकोत. फक्त कारण सांगा. कारण काय लिहू?"

साहेब उठले. आदेश राहू द्या, म्हणाले, एकदा निघालेला आदेश असा रोज फिरवता येत नाही, खात्याची काही इज्जत आहे. आणि दौऱ्याच्या गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेले. गाडी कुठलीच नव्हती. दादाजी त्यांच्यामागे धावला. बाबारावांनी खोकल्यासारखं केलं.

नाझर मात्र आता चिडले होते. साहेबांपुढे त्यांचा तोडगा उलटला होता, आणि तो राग कोणावर तरी काढायलाच हवा होता. ते म्हणाले, भीमाबाईचं साहेबांनी बघितलं, ते त्यांचं खातं. आवार माझं आहे. या आवारात बसायचं तर हमीपत्रावर सही लागेल. सल्लेबाजी इथे चालणार नाही, फुकटची तर मुळीच नाही.

"पोरी, सही कर," बाबाराव अचानक म्हणाले, आणि खरंच कळकळीने म्हणाले. "कागदच आहे एक. माणसं बोलतीलच तुझ्याशी, तू फक्त मान हलव. मशीन बंद ठेव अन् कान उघडे ठेव. कोणाले समजते?"

"नाही बाबाराव. इथे असं लिहिलं आहे की मी कोणालाही कोणत्याही बाबतीत सल्ला देणार नाही. मी देणार. उद्याही देणार. मग खोट्या कागदावर सही कशाला करू? माझ्या बापाने एकदा अशावर अंगठा दिला होता, त्याचं काय झालं ते आमच्या घराला माहीत आहे."

तिने हमीपत्र नाझरांच्या टेबलावर सरळ ठेवलं, वर पेपरवेट ठेवला, उडायला नको म्हणून, आणि बाहेर आली.

बाहेर चिंचेखाली चार माणसं तिची वाट बघत बसली होती. तिने कोणाला काही समजवलं नाही. साखळी सोडली, टाइपरायटर सायकलला बांधला. टेबल कसं न्यायचं याचा विचार करते तोवर भीमाबाईने ते उलटं करून डोक्यावर घेतलंही होतं. घागरीपेक्षा हलकं आहे म्हणाली. पुढे सायकल, मागे टेबल आणि त्यांच्यामागे ती चार माणसं, अशी वरात फाटकाकडे निघाली. ती फाटकापर्यंत पोचायच्या आत बाबारावांचं टेबल पुष्पलताच्या जागेच्या सावलीत सरकलं होतं. त्यांना तरी काय बोलणार, नऊ तोंडं होती.

फाटकाबाहेर कचेरीच्या भिंतीला लागून रस्त्याच्या कडेला वीतभर मोकळी जागा होती. झाड नाही, छप्पर नाही, समोर सायकल रिक्षांचा तळ आणि वर मे महिन्याचं नागपूर. तिने तिथे टेबल मांडलं. रिक्षावाल्यांनी एक फाटकी ताडपत्री दिली, ती भिंतीच्या खिळ्यांना बांधली. संध्याकाळी तिने कोळशाने भिंतीवर लिहिलं, अर्ज दीड रुपया, रोजमजुरीवाल्यांना बारा आणे, सल्ला फुकट. सात वर्षांत तिने कधी पाटी लावली नव्हती. लावायची गरजच पडली नव्हती. घरी आनंदरावांना सांगितलं तेव्हा त्यांनी भिंतीकडचं तोंड तिच्याकडे वळवलं. मग त्यांनी विचारलं, ऊन किती वाजता येतं तिथे? ती म्हणाली, दिवसभर. ते म्हणाले, मग माझी छत्री घेऊन जात जा.

पहिल्या दिवशी सहा माणसं आली. दुसऱ्या दिवशी अकरा, आणि त्यांतले चार बाबारावांकडून उठून आलेले. तिसऱ्या दिवशी नाझरांनी चपराशी पाठवला. चपराशी ओळखीचाच, भीमाबाईच्या नवऱ्याच्या हाताखाली शिकलेला. तो बिचारा मान खाली घालून उभा राहिला आणि निरोप सांगितला, की ही जागा कचेरीची नसली तरी रस्ता कार्पोरेशनचा आहे, आणि नाझरसाहेब कार्पोरेशनला कळवणार आहेत.

पुष्पलता एका म्हातारीचा जबाब टाइप करत होती. तिने ओळ पुरी केली, कागद काढला, म्हातारीच्या हातात दिला आणि मग चपराशाकडे पाहिलं.

"नाझरसाहेबांना म्हणा, जरूर कळवा. अर्ज इथेच टाइप करून मिळेल. कार्पोरेशनला काय जबाब पाहिजे तेवढं त्यांनी येऊन सांगावं, समोर स्टूल आहे. त्यांना दीड रुपया पडेल. सल्ला मात्र त्यांनाही फुकट."